'पॉप्युलिस्ट' म्हणजे लोकप्रिय नव्हे

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी राजकारणावरच्या लेखांत 'पॉप्युलिस्ट विरुद्ध एलीट' हा जोड सारखा भेटतो. त्याला मराठीत 'लोकप्रिय नेते विरुद्ध अभिजन' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पहिला शब्द तर साफ चुकीचा आहे आणि निवडणुकीवरच्या प्रत्येक चर्चेत तो कानावर आदळतो. पॉप्युलिस्ट हे पीपल्स पार्टी या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पक्षाच्या माणसांचं नाव. ते १८९१ साली कॅन्ससमध्ये पडलं, लॅटिन 'पॉप्युलस' म्हणजे लोक, त्यावरून. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले त्यांचे जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं मिळाली, म्हणजे शंभरात साडेआठ. लोकप्रियतेत तिसरे, तरी पक्के पॉप्युलिस्ट.

'लोकानुनयी' त्याहून बरा, पण त्यात निकाल आधीच लावून टाकलेला असतो. अनुनय म्हणजे मनधरणी. संस्कृत काव्यात रुसलेल्या प्रियेचा अनुनय करतात. रुसणारा एक आणि समजूत घालणारा दुसरा, असे दोघे त्याला लागतातच. इथे दुसरा कोण होता? कॅन्ससमध्ये मक्याचा भाव इतका पडला होता की तो विकून कोळसा आणण्यापेक्षा कणसंच शेगडीत जाळणं परवडायचं. वर रेल्वेचं भाडं आणि गहाण जमिनीचं व्याज. त्या शेगडीभोवती बसलेल्यांनीच पक्ष उभा केला. केंब्रिज शब्दकोशाने २०१७ साली 'पॉप्युलिझम' हा वर्षाचा शब्द ठरवला आणि अर्थ दिला तो सामान्यांना हवं ते देऊन पाठिंबा मिळवण्याचा, शिवाय 'बहुधा निंदाव्यंजक' अशी खूण. ज्यांनी नाव मिरवलं त्यांचा अर्थ शब्दकोशाने दुय्यम करावा, हे मला मान्य नाही.

अमेरिकी इतिहासकार रिचर्ड हॉफस्टाटर यांच्याशीही माझं भांडण आहे. या शेतकऱ्यांच्या सुधारणांचं श्रेय त्यांनी १९५५ च्या ग्रंथात दिलं, पण जोर दिला तो त्यांच्या गतकाळात रमण्यावर आणि जिथे तिथे कारस्थान पाहण्यावर. आता १८९२ च्या ओमाहा अधिवेशनातल्या मागण्या पाहा: वाढत्या उत्पन्नावर वाढता कर, गुप्त मतदान, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड. आयकराची आणि सिनेटची मागणी १९१३ साली घटनादुरुस्त्यांनी मान्य झाली. गतकाळात रमणाऱ्यांना वीस वर्षांपुढचं दिसत नाही. म्हणून मी 'लोकपक्षीय' लिहितो, तुम्हीही लिहा.

आता एलीट. फ्रेंच 'एलीर' म्हणजे निवडणे, त्यापासून 'एलीट', निवडलेला. इलेक्शन त्याच लॅटिन धातूचं, म्हणजे दोघं सख्खी भावंडं. १९१३ पर्यंत सिनेटरांना राज्यांची विधिमंडळं निवडत, लोक नव्हे. निवडून आलेल्यांनी निवडलेले! शेतकऱ्यांची तक्रार नेमकी या निवडीवर होती, कुणाच्या कुळावर नाही. 'अभिजन' मात्र कुळाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात 'प्रस्थापित' आहे, तो वापरा.

आणि अभिजन हा शब्द तरी केवढा देखणा! पाणिनीने 'सोऽस्य निवासः' या सूत्राच्या पाठोपाठ 'अभिजनश्च' हे सूत्र दिलं आहे. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्यांतला फरक सांगितला आहे: आज जिथे राहतो तो निवास, पूर्वज जिथे राहिले तो अभिजन. म्हणजे अभिजन हे मुळात ठिकाण आहे, पूर्वजांचं गाव. कुलीनपणाचा अर्थही त्याच शब्दाला आहे, आणि मराठीत तेवढाच उरला. पण गावाचा अर्थ आपण वेगळ्या रूपात जपला आहे, 'कर' लावलेल्या आडनावांत. सातारकर, नागपूरकर, चिपळूणकर: ही आडनावं बहुतेकदा निवास सांगत नाहीत, अभिजनच सांगतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मलेली सातारकरांची मुलगी घ्या. तिने सातारा पाहिलेला नाही, अजिंक्यतारा फोटोतच पाहिला, पण शाळेच्या हजेरीपटावर रोज पणजोबांच्या गावाचं नाव पुकारलं जातं. तिचा निवास एडिसन, अभिजन सातारा. हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवायचा सोडून वॉशिंग्टनमधल्या लॉबीवाल्यांवर कशाला खर्च करायचा?