आधी फाइल तपासा : मोफत सहायक सॉफ्टवेअरविषयी विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी अंध विद्यार्थिनी असून इतिहासात एम. ए. करते आहे. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) आहे. इंग्रजी लेख ते नीट वाचते. परंतु विभागाकडून आलेल्या मराठी नोट्सच्या काही पीडीएफ उघडल्या की निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात आणि काही फायली तर रिकाम्याच असल्याचे सांगितले जाते. पैसे भरून दुसरा स्क्रीन रीडर घ्यावा का?

उत्तर : या कारणासाठी तरी घेऊ नये. एनव्हीडीए हा मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेला मुक्त स्रोत प्रकल्प असून त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. तो आवाज यांत्रिक वाटतो, मात्र वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात आणि सरावाने कान तयार होतो. तुमची अडचण सॉफ्टवेअरमध्ये नसून फायलींमध्ये आहे, आणि तिची दोन वेगळी कारणे आहेत.

‘रिकामी’ फाइल म्हणजे छापील पानाचे छायाचित्र. त्यात अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे मजकूरच नसतो. अशी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार होतो. मोठी फाइल एकदम न देता तिचे दहा-दहा पानांचे तुकडे करावेत. स्वच्छ छपाईच्या पानांवर निकाल चांगला येतो. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांवर जोडाक्षरे बिघडतात आणि तळटीपा मजकुरात मिसळतात. इतिहासाच्या विद्यार्थिनीने सनावळ्यांवर विशेष नजर ठेवावी, कारण ३ आणि ६ यांची अदलाबदल ऐकताना लक्षात येत नाही. एखादे साल खटकले तर ते डोळस मित्राकडून मूळ पानावर पडताळून घ्यावे.

निरर्थक अक्षरांचे कारण जुने फॉन्ट हे आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कागदावर देवनागरी दिसतो, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. कृतिदेवमधील ‘मराठी’ हा शब्द संगणकाला ‘ई, जे, के, बी, एच’ असा दिसतो आणि स्क्रीन रीडर तोच प्रामाणिकपणे वाचतो. फाइलमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. देवनागरी उमटली तर ती युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणारी पद्धत; रोमन खिचडी उमटली तर जुना फॉन्ट. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे मोफत परिवर्तक इंटरनेटवर मिळतात, मात्र ते फॉन्टनिहाय असतात, त्यामुळे फॉन्टचे नेमके नाव माहीत असावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जात असल्याने रूपांतरात या दोन जागी चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त कराव्यात. शक्य असेल तर विभागाकडे पीडीएफऐवजी मूळ वर्ड फाइलच मागावी.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. एका अंध विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ स्कॅन करून दिला तर कॉपीराइटचा भंग होईल, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : तसे नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये नेमकी हीच सूट घातली आहे : अपंग व्यक्तीला पुस्तक वाचता यावे यासाठी ते सुगम स्वरूपात आणून खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी तिला देणे हा भंग ठरत नाही. ती प्रत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर मात्र सहकाऱ्यांची भीती खरी ठरेल. अंधांना पुस्तके मिळावीत यासाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. स्कॅनिंगला बसण्यापूर्वी ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६पासून चालू असलेल्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, हे पाहावे. दुसऱ्या कोणी केलेली मेहनत पुन्हा करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, आहे. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. ‘ओपनडिस्लेक्सिक’ फॉन्टने वाचन सुधारते असे ऐकले. मराठीसाठी तो कुठे मिळेल?

उत्तर : तो फॉन्ट रोमन लिपीसाठी आहे, त्यात देवनागरी नाही, आणि इंग्रजीतही त्याने वाचन सुधारते असे संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेले नाही. मुलाला आवडला तर वापरू द्यावा, एवढेच. माझ्या मते त्यापेक्षा ओळींमधले अंतर दीडपट करणे आणि डोळ्यांबरोबर कानांनीही वाचणे अधिक उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमध्ये ‘रीड अलाउड’ची सोय असून त्यात ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज आहेत. इंटरनेट चालू असेल तर ते बऱ्यापैकी नैसर्गिक वाचतात. लेखासारख्या वेब पानावर एफ-नऊ दाबल्यास जाहिराती व कडेचा मजकूर बाजूला सारून मोकळे पान उघडते, आणि त्यातील ‘लाइन फोकस’ने एका वेळी एक, तीन किंवा पाचच ओळी दिसतात. गणिती सूत्रांपुढे मात्र ही साधने अडखळतात, तेव्हा गणिताच्या पुस्तकाकरिता त्यांच्यावर विसंबू नये. शिवाय २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्राचे काम परीक्षेच्या तोंडावर न ठेवता आताच हाती घ्यावे; परीक्षेतील वाढीव वेळ त्यावर अवलंबून असतो, आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर मिळवून देणार नाही.

प्रश्न : मला कमी ऐकू येते. प्राध्यापक मराठी आणि इंग्रजी मिसळून शिकवतात. बोलणे लिहून दाखवणारे एखादे मोफत ॲप आहे का?

उत्तर : अँड्रॉइड फोनवर गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ आहे. त्यात मराठी आहे आणि दोन भाषा निवडून एका स्पर्शात बदलता येतात. एकाच वाक्यात दोन्ही आल्या की मात्र ते गोंधळते. निकाल अवलंबून असतो तो माइकच्या अंतरावर. शेवटच्या बाकावर ठेवलेला फोन पंख्याचा आवाज आणि कुजबुज यांतच अडकतो. प्राध्यापकांची परवानगी घेऊन तोंडाजवळचा ब्लूटूथ माइक त्यांना लावता आला, तर फरक लगेच जाणवतो. धड्यातील पारिभाषिक शब्द आदल्या दिवशी वाचून गेलात, तर ॲपने मोडतोड केलेला शब्दही ओळखू येईल.

प्रश्न : मनगटाच्या दुखण्यामुळे मला टंकलेखन जमत नाही. मराठीत बोलून प्रकल्प लिहिता येईल का?

उत्तर : येईल. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधील ‘व्हॉइस टायपिंग’मध्ये मराठी निवडावी. विरामचिन्हे शेवटी हाताने घालावी लागतील, एवढे गृहीत धरावे.

प्रश्न : मी प्राध्यापिका आहे. माझ्या नोट्स अशा विद्यार्थ्यांना वाचता याव्यात यासाठी काय करावे?

उत्तर : युनिकोडमध्ये टंकावे आणि शीर्षके नुसती ठळक न करता वर्डमधील किंवा लिब्रेऑफिसमधील ‘हेडिंग’ शैलीने द्यावीत. एनव्हीडीएच्या वाचन-स्थितीत एच ही कळ दाबली की वाचक एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. नुसता ठळक मजकूर त्याला शीर्षक म्हणून सापडत नाही आणि चाळीस पाने सलग ऐकत बसावे लागते. नकाशा किंवा आलेख असेल तर त्यातून आपण वर्गात जे सांगता ते दोन वाक्यांत खाली लिहावे. देवनागरी पीडीएफमधून मजकूर वाचताना जोडाक्षरे बऱ्याचदा तुटतात, म्हणून पीडीएफ दिली तरी सोबत वर्ड फाइलही द्यावी. आपल्या जुन्या नोट्स कृतिदेवमध्ये असतील, तर या सत्रात शिकवायच्या तेवढ्याच आधी बदलून घ्याव्यात.