५ ते ८ सलग असूनही /२२ का बसत नाही?

तुमचा प्रश्न असा, की १९२.१६८.५.० ते १९२.१६८.८.० हे चार /२४ नेटवर्क ओळीने आहेत, मग त्यांचा एक /२२ सुपरनेट (लहान नेटवर्कं जोडून केलेलं मोठं नेटवर्क) का होत नाही? (/ नंतरचा आकडा म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी डावीकडचे किती बिट सगळ्यांत सारखे.)

ओळीने असून भागत नाही, सुरुवात पाढ्यात बसावी लागते. चार जोडायचे तर तिसरा आकडा चारच्या पाढ्यातला हवा: ०, ४, ८, १२. आठ जोडायचे तर आठच्या. ५ दोनच्या, चारच्या, आठच्या कुठल्याच पाढ्यात नाही.

पाढा कुठून आला ते बायनरीत दिसतं. कागदावर एकाखाली एक लिहा:

४ = ०००००१००
५ = ०००००१०१
६ = ०००००११०
७ = ०००००१११

डावीकडचे सहा बिट चौघांत सारखे, बदलतात फक्त शेवटचे दोन. आधीच्या दोन आकड्यांचे आठ-आठ मिळून १६ बिट आणि हे ६, म्हणून /२२. सहा एक आणि दोन शून्यं म्हणजे २५२, म्हणून मास्क (सारखे बिट किती ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५२.०. पत्ते १०२४, वापरायला १०२२.

आता ७ च्या खाली ८ लिहा: ००००१०००. ५ ते ८ मध्ये सारखे उरले चारच बिट. म्हणजे थेट /२०, आणि त्यात ० ते १५ अशी सोळा नेटवर्कं ओढली जातात. तुमची चारच, बाकी बारा कुणाची?

मी हे चुकून शिकलो. अंबडच्या एका कारखान्यात सिन्नरच्या प्लांटची ९ ते १२ नेटवर्कं होती. घाईत राउटरवर १९२.१६८.८.० /२२ असा एकच रूट (कुठले पत्ते कुठे पाठवायचे ती नोंद) टाकला. ९, १०, ११ ला पिंग गेलं, गाडीला किक मारली. गरवारे पॉइंटला पोचेपर्यंत फोन: सिन्नरचे कॅमेरे गेले. कॅमेरे १२ वर. माझा /२२ ११ लाच संपत होता, १२ चं सगळं डिफॉल्ट रूटने (दुसरा कुठलाच रूट जुळला नाही की लागणारा) इंटरनेटकडे. परत फिरून १२ साठी वेगळा /२४ रूट टाकला.

तुमच्याकडेही तेच करा: ५ ला /२४, ६-७ मिळून /२३, ८ ला /२४. तीन रूट होतात, पण नेमके. पत्ते अजून वाटले नसतील तर मात्र सरळ ४ पासून सुरू करा.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरा, हरकत नाही. पण त्यात ५.० /२२ टाकलं तर बहुतेक कॅल्क्युलेटर मुकाट ४.० दाखवतात, ८ राहिला हे सांगत नाहीत.