बाळंतिणीचे पथ्य, रक्ताच्या गोळ्या आणि बाळाचा पहिला घास : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि हुक्केरी या भागांतून गर्भवती व बाळंतिणीच्या आहाराविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. मिळत्याजुळत्या पत्रांचा एकच प्रश्न केला असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती होऊन पंधरा दिवस झाले. आमच्या घरी बाळंतिणीला सव्वा महिना मऊ भात, तूप, मिरपूड आणि लसणाची फोडणी एवढेच देतात. डाळ, पालेभाजी, फळे, दही बंद असते आणि पाणीही मोजकेच देतात. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, सगळे द्या. माझी तीन बाळंतपणे याच पथ्यावर पार पडली. आता कोणाचे ऐकावे? — एक सासूबाई, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या पथ्यातील गरम व ताजे अन्न, तूप, लसूण, मिरे, अंगाला तेल आणि सव्वा महिन्याची विश्रांती या गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या अवश्य चालू ठेवाव्यात. अडचण आहे ती आपण जे बंद केले आहे त्यात.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या आहाराहून रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे प्रमाण सांगते. गरोदरपणात हीच वाढीव गरज ३५० कॅलरींची असते, म्हणजे पोटात बाळ असतानापेक्षा ते मांडीवर असताना आईची भूक मोठी असते, आणि नेमक्या याच काळात आपण तिचे ताट लहान करतो. ६०० कॅलरी हा आकडा भीतिदायक वाटत असला, तरी एक जोंधळ्याची भाकरी, एक वाटी घट्ट वरण, एक कप दूध आणि एक शेंगदाण्याचा लाडू एवढ्यात तो जवळपास भरून निघतो.

केवळ पांढऱ्या भातावर ठेवण्यात एक धोका असा आहे की जो आईपेक्षा बाळाला अधिक भोवतो. कांडून पॉलिश केलेल्या तांदळात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार थोडे उरते, आणि भाताची पेज काढून टाकली तर उरलेलेही तिच्याबरोबर जाते. दुधातील स्निग्धांश, प्रथिने आणि कॅल्शियम आईचे शरीर स्वतःच्या साठ्यातून, प्रसंगी हाडांतूनही, काढून देते. परंतु थायमिन, ब-१२, आयोडीन यांसारख्या घटकांचे तसे नाही, ते आईच्या खाण्यात कमी झाले की दुधातही कमी होतात. आई केवळ भातावर असेल, तर फक्त अंगावर पिणारे, वरवर गुटगुटीत दिसणारे दोन-तीन महिन्यांचे बाळ अचानक दूध ओढेनासे होते, त्याचा आवाज बसतो, धाप लागते आणि हृदयावर ताण येतो. वेळेवर ओळखले तर थायमिनच्या इंजेक्शनने असे बाळ काही तासांतच सुधारू लागते, पण ओळखले नाही तर ते दगावूही शकते. कर्नाटकातील बालरोगतज्ज्ञांनीही अशा बालकांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविली आहेत. आपली तिन्ही बाळंतपणे सुखरूप पार पडली हे खरेच आहे. मात्र त्या काळी घरात हातसडीचा तांदूळ होता का, आणि सव्वा महिन्यानंतर आपल्या ताटात नाचणीची भाकरी व कुळथाचे कळण परतले होते का, हे आठवून पाहावे, कारण त्या दोन गोष्टींनी बरेच सावरून घेतलेले असू शकते.

डाळीने बाळाच्या पोटात वारा धरतो ही समजूत सर्वत्र आहे. डाळीतील काही न पचणारे घटक आईच्या आतड्यात आंबतात आणि वायू तेथेच तयार होतो. तो रक्तात मिसळून दुधात उतरत नाही. त्यामुळे आईलाच त्रास होत असेल, तर हरभरा आणि पावटा काही दिवस बाजूला ठेवून मुगाचे वरण हिंग-जिरे घालून द्यावे, पण डाळ म्हणून सरसकट बंद करू नये. दही आणि फळे यांनी दूध ‘थंड’ होत नाही. पेरू, पपई, मोसंबी, चिकू, जे बाजारात स्वस्त असेल ते द्यावे.

पाण्याबाबत मात्र आपण आजच निर्णय बदलावा. पूर्ण पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येते आणि त्याचा बहुतांश भाग पाणीच असतो. पाणी तोडल्याने टाके सुकत नाहीत, उलट शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर जोर पडतो. उकळून कोमट केलेले पाणी हवे तेवढे द्यावे. पाजायला बसताना भरलेला तांब्या जवळ असावा.

अळीव, डिंक, खारीक-खोबरे, शेपू, बाळंतशोपा हे सारे आपल्याकडचेच आहे आणि ते उपयोगी आहे. गोकाकचा करदंट कोणी भेट म्हणून आणला असेल, तर त्याचा एखादा तुकडा दुधाबरोबर द्यायलाही हरकत नाही. फक्त लाडू हे जेवणाच्या जोडीचे असतात. दोन लाडू खाऊन जेवण टळले, तर प्रथिने आणि भाज्या दोन्ही चुकतात. सरकारच्या मातृपूर्ण योजनेखाली २ ऑक्टोबर २०१७ पासून गर्भवती व बाळंतिणींना महिन्यातील २५ दिवस अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण मिळते, ज्यात भात-सांबाराबरोबर भाजी, अंडे, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की असते. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही म्हणून हा हक्क वाया जाऊ नये. काय सोय होऊ शकते हे त्याच ताईंना विचारावे, कारण त्या आपल्या विरोधात नाहीत.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. हिमोग्लोबिन ८.९ आले. लाल गोळ्यांनी मळमळते, शौचास काळे होते, म्हणून त्या बंद केल्या. गोळ्यांनी बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते असेही घरी म्हणतात. मी घरी विड्या वळते आणि दोन वेळा मशेरी लावते. बीट आणि खजूर खाऊन रक्त वाढेल का? — एक भगिनी, निपाणी

उत्तर : नाही वाढणार, निदान बाळंतपणाच्या आत पुरेसे तरी नाही. गरोदरपणी रोज २७ मिलिग्रॅम लोह लागते आणि ते गरज भागविण्यापुरते आहे. आधीच पडलेली तूट केवळ अन्नाने चार महिन्यांत भरून निघत नाही. बीट रंगाने लाल आहे म्हणून त्याला हा मान मिळाला आहे, लोहात मात्र ते फारसे श्रीमंत नाही.

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय मानतात. ७ ते ९.९ ही मध्यम पायरी आहे आणि तुम्ही तेथे आहात. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रक्तक्षय नसलेल्या गर्भवतीलाही ती चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देतात. तुमच्यासारख्या स्थितीत सहसा रोज दोन गोळ्या सांगतात व महिन्याने पुन्हा रक्त तपासतात. काळे शौच म्हणजे न शोषलेले लोह बाहेर पडणे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा गोळीपासून आणि जेवणापासून दूर ठेवावा, कारण तो लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. एवढे करूनही गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देण्याची सोय असते, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले तर घरी उपचार करीत बसू नये.

बाळ फार मोठे होण्याची भीती आपल्या भागात अनाठायी आहे. आपल्याकडची नेहमीची काळजी अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची आहे, आणि मशेरी ते वजन आणखी कमी करते. हिरड्यांतून रक्तात गेलेले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते व वारेतून बाळाकडे जाणारा पुरवठा घटवते. पुढे ते अंगावरच्या दुधातही उतरते. मशेरी दातांसाठी लावतो, तंबाखू खात नाही, असे निपाणीच्या परिसरात अनेक जणी मनापासून सांगतात, परंतु शरीर तो भेद करीत नाही. सोडताना डोके दुखणे, चिडचिड होणे, शौच न होणे असे आठ-पंधरा दिवस होऊ शकते. १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो. विड्या वळणे हे पोटाचे साधन आहे, ते लगेच सोडा असे सांगणे सोपे आहे, म्हणून मी ते सांगत नाही. मात्र विड्या वळण्याचे सूप मोकळ्या हवेत घेऊन बसावे, तंबाखूचे हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नये, आणि बाळ झाल्यावर कामाची साडी बदलूनच त्याला जवळ घ्यावे. जमल्यास तंबाखू चाळण्याचे व भिजवण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी उचलावे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. अंडी नाहीत, कंदमुळे नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. तिसरा महिना आहे आणि सकाळी खूप उलट्या होतात. प्रथिनांची पावडर घ्यावी का? — एक भगिनी, चिकोडी

उत्तर : पावडरीची गरज नाही, वरण, उसळ, दूध, दही आणि शेंगदाणे यांतून प्रथिने भागतात. तुमच्या आहारातील खरी उणीव ब-१२ ची असू शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही, तुमच्यासाठी दूध, दही, ताक आणि पनीर हेच त्याचे मार्ग आहेत. रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध-दही पोटात जायला हवे. तरीही एकदा ब-१२ ची रक्ततपासणी सांगून करून घ्यावी आणि कमी आढळल्यास गोळी घ्यावी, कारण आईची तूट बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर तीळ, मसूर, चवळी आणि सोबत लिंबू किंवा आवळा यांवर भर द्यावा.

उलट्यांचे एक कारण लांबलेला रिकामा काळ हेही असू शकते. संध्याकाळी सहा ते सकाळी सात म्हणजे तेरा तास होतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण भाकरी, घट्ट वरण आणि तूप असे भरीव असावे; उजाडताच अंथरुणातच जोंधळ्याच्या लाह्या किंवा राजगिऱ्याची वडी खाऊन मग उठावे. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद व कमी होत असेल, तर तो नियमांचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रात्रीच्या पाण्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे. आजारी व्यक्तीला जी सवलत आपण सहज देतो, ती गर्भवतीला देताना का संकोचतो, हे मला कळत नाही.

प्रश्न : आमचे बाळ पाच महिन्यांचे आहे. आजी रोज सहाणेवर गुटी उगाळून मधातून देते. दूध पुरत नाही असे वाटून वरचे दूध पाणी घालून सुरू केले आहे. नाचणीचे सत्त्व कधी द्यावे? — एक वडील, अथणी

उत्तर : मध आजच थांबवावा. त्यात असलेल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. सहाण, हात आणि पाणी यांतून जुलाबाचे जंतूही जातात, म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत गुटीही नको. डॉक्टरांनी सांगितलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवावेत.

दूध पुरत नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि तायी कार्डावरील, म्हणजे सरकारी माता-बाल कार्डावरील, वजनाची रेषा वर जात असेल, तर दूध पुरते आहे. पाणी घातलेले दूध बाळाचे पोट भरते पण पोषण करीत नाही, आणि त्यामुळे बाळ कमी वेळा ओढते, म्हणून आईचे दूध खरोखरच घटू लागते. बाटली काढून टाकावी, बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यावे, रात्री तर नक्कीच. दोन वर्षांच्या आतील बाळांसाठीच्या दूध-पावडरींची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही कोणी त्याच पावडरीचा डबा हाती ठेवून नाव सुचवत असेल, तर त्यामागचे कारण विचारावे.

सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणून ती उत्तमच. परंतु आपल्याकडे सत्त्व इतके पातळ करतात की बाळाच्या छोट्या पोटात पाणीच अधिक जाते. चमचा वाकडा केला तरी लगेच ओघळणार नाही इतपत घट्ट असावे आणि वरून तूप घालावे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा दोन-तीन चमचे, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अर्धी वाटी. नाचणीवरच अडकून राहू नये; मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, शिजवलेली भाजी आणि घरी चालत असल्यास अंडे किंवा मासा पहिल्या काही आठवड्यांतच द्यावा, कारण सहा महिन्यांनंतर बाळाचा लोहाचा साठा संपत आलेला असतो. वर्षभर मीठ-साखर घालू नये. चहात बुडवलेले बिस्कीट हा आहार नव्हे. अंगणवाडीतून किंवा आशा ताईंकडून मिळणारे लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा एक मिली याप्रमाणे द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

प्रश्न : मुलीचे नुकतेच लग्न झाले. दिवस राहण्यापूर्वी काही घ्यावे लागते का? — एक आई, हुक्केरी

उत्तर : होय. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, आणि तेव्हा अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरले की फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. बेळगाव परिसरातील स्त्रियाही सहभागी असलेल्या, काँगो, ग्वाटेमाला, भारत आणि पाकिस्तान या चार देशांतील व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भ राहण्यापूर्वी किंवा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पूरक आहार सुरू केलेल्या मातांची बाळे तो न मिळालेल्या मातांच्या बाळांपेक्षा जन्मतः लांबीला थोडी अधिक भरली. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणीही आताच करून घ्यावी, म्हणजे तूट भरून काढायला अवधी मिळेल.