वाचकांचे प्रश्न : उंच केलेल्या पिकअपला रोजच्या वापरासाठी टायर कोणत्या मापाचे?

प्रश्न : माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस ही १.९ लिटर इंजिनाची, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर पिकअप आहे. गेल्या वर्षी सस्पेन्शन दोन इंचांनी उंच करून घेतले. आठवड्यातले सहा दिवस मी कोथरूडहून चाकणला कामावर जातो आणि रविवारी वेल्ह्याजवळच्या शेतावर. तिथले शेवटचे काही किलोमीटर पावसाळ्यात दगड आणि चिखल यांखेरीज काही नसते. कंपनीने दिलेले २५५/६० आर १८ मापाचे टायर आता झिजले आहेत. दुकानदार म्हणतात, "लिफ्ट केली आहे तर २८५/७० आर १७ च घाला, नाहीतर गाडी बोडकी दिसेल." एक मित्र २६५/७० आर १७ सुचवतो. मी कोणते घ्यावेत? आरटीओची काही अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी उंच केल्यामुळे मोठ्या टायरसाठी काही प्रमाणात जागा होते, पण मोठ्या टायरची गरज त्यामुळे निर्माण होत नाही. दुकानात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत केली जाते. आपली गाडी सहा दिवस डांबरावर आणि एक दिवस मातीत चालते, तेव्हा टायर त्या सहा दिवसांकडे पाहून निवडावा आणि सातव्या दिवशी तो कमी पडणार नाही एवढे बघावे.

आधी मापांचा हिशेब करू. २५५/६० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिलिमीटर, आणि रिम १८ इंचांची. रिमचे ४५७.२ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन साइडवॉल मिळून टायरचा एकूण व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर येतो. याच रीतीने मित्राने सुचवलेल्या २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा ५ टक्क्यांहून थोडा जास्त भरतो, तर दुकानदारांच्या २८५/७० आर १७ चा व्यास ८३१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ९ टक्के जास्त. टायरच्या धंद्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे मानतात. तो कायदा नव्हे, संकेत आहे; पण त्यामागे अनुभव आहे.

व्यास ९ टक्के वाढला की स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८७ च्या वेगाने जात असते. नव्या गाडीचे स्पीडोमीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच आकडा दाखवतात, म्हणून फरक काहीसा भरून निघेल. तरीही ज्या द्रुतगती मार्गावर घाटात ६० ची मर्यादा कॅमेऱ्याने मोजली जाते, तिथे असल्या अंदाजावर विसंबणे महागात पडते. ओडोमीटरही त्याच प्रमाणात कमी मोजतो. मोठे टायर घातल्यावर "अ‍ॅव्हरेज पडले" अशी जी तक्रार होते, तिचा काही भाग निव्वळ या हिशेबाचा असतो, कारण गाडी १०९ किलोमीटर चाललेली असताना घड्याळ १०० दाखवते. उरलेला भाग मात्र खरा असतो आणि तो टायरच्या वजनातून, रुंदीतून व जाड नक्षीतून येतो.

व्यासाइतकाच विचार वजनाचा करावा लागतो, आणि दुकानात तो सहसा कुणी काढत नाही. २८५/७० आर १७ हे माप बहुतेक करून हलक्या ट्रकच्या वर्गात, म्हणजे ज्याच्या मापाआधी 'एलटी' लिहिलेले असते अशा जाड बांधणीत मिळते. असा टायर कंपनीच्या टायरपेक्षा प्रत्येकी कित्येक किलोंनी जड असतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली, शिवाय फिरणाऱ्या भागावर येते. कोथरूडपासून नाशिक फाट्यापर्यंतच्या रोजच्या थांबत-चालत वाहतुकीत प्रत्येक वेळी ते जड चाक वेगात आणायचे आणि पुन्हा थांबवायचे, हे काम इंजिन आणि ब्रेक करत राहतात. टायरची त्रिज्या वाढल्यामुळे तेवढ्याच दाबाने लावलेल्या ब्रेकचा रस्त्यावरचा जोर त्याच प्रमाणात घटतो, तो वेगळाच. आपल्या इंजिनाचा ३६० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क २००० ते २५०० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात मिळतो. टायर ९ टक्क्यांनी मोठा झाला की सगळेच गिअर तेवढ्याने उंच होतात, आणि चढावर गिअरबॉक्स वारंवार खालच्या गिअरात उतरतो. परदेशात यावर उपाय म्हणून डिफरन्शिअलमधले, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या शक्ती वाटून देणाऱ्या पेटीतले, गिअर बदलून घेतात. आपल्याकडे व्ही-क्रॉससाठी तो खटाटोप करण्यात हशील नाही.

आता जागेविषयी. दोन इंचांच्या लिफ्टने मडगार्डची कमान टायरपासून वर जाते, पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला ज्या प्लास्टिक लायनरला, मडफ्लॅपला आणि चॅसीवर बॉडी जिथे टेकते त्या कोपऱ्याला घासतो, तिथली जागा लिफ्टने फारशी वाढत नाही. तिथे टायरची रुंदी आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते ते, निर्णायक ठरतात. रिम जितकी बाहेर काढावी तितका टायर वळताना मोठा कंस घेतो आणि मागे जाऊन आदळतो; शिवाय बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर भार वाढतो. २८५ रुंदीचा टायर बसवणाऱ्यांना बरेचदा लायनर गरम करून आत दाबावा लागतो किंवा पत्रा कापावा लागतो. रोज वापरायच्या गाडीचा पत्रा कापण्याची वेळ आली, तर माप चुकले आहे असे खुशाल समजावे.

कोणतेही माप पक्के करण्यापूर्वी दुकानदाराकडून एकच टायर पुढच्या चाकाला बसवून घ्यावा. टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासावा, तेच चाक फूटभर उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवावे, म्हणजे नव्या टायरवर वजन येऊन त्या बाजूचे सस्पेन्शन दबेल, आणि मग अगदी सावकाश चालवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. उतरून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले की लायनरवर, कंट्रोल आर्मवर किंवा त्या कोपऱ्यावर खडूचा पांढरा ओरखडा कुठे उठला आहे ते स्पष्ट दिसते. दुकानाच्या सपाट फरशीवर "बघा साहेब, कुठे लागत नाही" असे दाखवले जाते, त्याला काही अर्थ नाही. लागते ते खड्ड्यात, वळणावर आणि पिकअप भरलेली असताना.

मोठ्या टायरने जमिनीपासूनची उंची वाढते ही गोष्ट खरी आहे, आणि मागच्या डिफरन्शिअलच्या बाबतीत तर ती फक्त टायरनेच वाढते. व्ही-क्रॉसला मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत, म्हणून पाट्यांखाली ठोकळा घालून किंवा पाटा वाढवून बॉडी वर गेली तरी डिफरन्शिअल जिथल्या तिथेच राहतो. पण ही वाढ व्यासातल्या फरकाच्या निम्मीच असते. २८५/७० आर १७ ने ३४ मिलिमीटर मिळतात, २६५/७० आर १७ ने २०. म्हणजे दुकानदारांच्या आणि मित्राच्या सल्ल्यांत वेल्ह्याच्या वाटेवर अवघ्या १४ मिलिमीटरांचे अंतर आहे, आणि तेवढ्यासाठी आपण सहा दिवस ते धूड चाकणपर्यंत ओढणार.

त्या वाटेवर उंचीपेक्षा जास्त उपयोग साइडवॉलचा होतो. सह्याद्रीतला बेसाल्ट फुटतो तेव्हा त्याला धारदार कडा येतात, आणि त्या नक्षीला सहसा इजा करत नाहीत, साइडवॉल कापतात. हवा कमी करून टायर दगडावर पसरू द्यायचा असेल तर साइडवॉल उंच हवी, आणि म्हणून १८ ऐवजी १७ इंची रिम घेण्याचा विचार योग्य आहे. परदेशात हीच पिकअप डी-मॅक्स या नावाने २५५/६५ आर १७ मापातही विकली गेली आहे आणि त्याचा व्यास आपल्या मूळ टायरइतकाच, ७६३ मिलिमीटर, आहे. रिम बदलताना सहा बोल्टांची १३९.७ मिलिमीटरची मांडणी जुळली म्हणजे झाले असे मानू नये. मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट आणि ब्रेक कॅलिपरपासूनचे अंतर तपासूनच पैसे द्यावेत.

माझा सल्ला असा की रिम बदलायच्या नसतील तर २६५/६० आर १८ घ्यावेत आणि बदलायच्या असतील तर २६५/६५ आर १७. दोन्हींचा व्यास ७७५ ते ७७६ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आतच जास्त आहे. दुसऱ्या पर्यायात साइडवॉल १७२ मिलिमीटरची मिळते. ही दोन्ही मापे फॉर्च्युनर आणि हायलक्सची असल्यामुळे भोर काय किंवा महाड काय, तालुक्याच्या गावीही टायर मिळण्याची शक्यता राहते. साइडवॉल फाटलेली गाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असताना या गुणाची किंमत कळते. मित्राचे २६५/७० आर १७ चुकीचे नाही, पण ते या गाडीला चालणाऱ्या मापांचे शेवटचे टोक आहे. ते घ्यायचे तर खडूची परीक्षा आणि स्पीडोमीटरची दुरुस्ती दोन्ही कराव्यात. २८५ चा मोह सोडून द्यावा. गाडी बोडकी दिसते की कशी हे पाहणाऱ्यांना पाहू द्या, डिझेल आपल्या खिशातून जाते.

नक्षी एटी, म्हणजे सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठीची घ्यावी. भार-निर्देशांक जुन्या टायरच्या साइडवॉलवर लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १०८ म्हणजे एका टायरवर १००० किलो. नव्या टायरचा आकडा त्याहून कमी असता कामा नये. लिफ्टनंतर अलाइनमेंट झाले नसेल तर नवे टायर घालण्याआधी ते करून घ्यावे, कारण उंच केलेल्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकण्याचा कोन) कमी होऊन गाडी वेगात भरकटते आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन) बिघडून टायर एका कडेने झिजतो. हेडलाइटही खाली करून घ्यावेत.

आरटीओविषयी स्पष्टच सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ कायम ठेवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केवळ टायर मूळ मापाच्या जवळचे आहेत म्हणून आपली लिफ्ट झाकली जाईल असे समजू नये. विमा कंपनीला दोन्ही बदल लेखी कळवावेत आणि कंपनीचे मूळ स्प्रिंग भंगारात न देता घरी ठेवावेत.

प्रश्न : माझ्या पिकअपचे मागचे दोन टायर झिजले आहेत, पुढचे अजून बरे आहेत. मागे थोडे मोठे, मडसाठीचे टायर घातले तर जांभ्याच्या चढावर पकड वाढेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गाडी फोर बाय फोर असेल तर हे करूच नये. आपल्याकडच्या पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतो. फोर बाय फोर लावले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. टायरचे व्यास वेगळे असतील तर प्रत्येक फेरीला पुढची आणि मागची चाके वेगळे अंतर कापू पाहतात आणि तो ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना शक्ती देणाऱ्या पेटीवर, साठत जातो. मऊ मातीत चाक थोडे घसरून तो सुटतो, पण जांभ्याच्या कोरड्या सड्यावर किंवा डांबरावर तो सुटायला वाट नसते. हाच धोका स्टेपनीचाही आहे. चार टायर मोठे घेऊन पाचवा जुन्या मापाचा ठेवला, तर तो लावून सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जावे आणि तोवर फोर बाय फोर लावू नये. शक्यतो पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत. मात्र मोठी स्टेपनी लोड बॉडीखालच्या जागेत बसते की नाही, ते घेण्यापूर्वी पाहावे.

मडच्या टायरविषयी म्हणाल तर कोकणातल्या पावसात ओल्या डांबरावर त्यांची पकड एटीपेक्षा कमी असते, कारण नक्षीतल्या मोठ्या ठोकळ्यांमुळे रस्त्याला टेकणारे रबर थोडे आणि पातळ खाचाही कमी असतात. रोजच्या गाडीला ते नकोत.

प्रश्न : जाड बांधणीचे एलटी टायर घातले. हवा दरवाज्यावरच्या तक्त्याप्रमाणेच भरायची का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तो तक्ता कंपनीच्या टायरसाठी असतो. तेवढाच भार पेलायला एलटी टायरला सहसा काही पीएसआय जास्त हवा लागते. नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यातून घ्यावा आणि हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. साइडवॉलवर छापलेला कमाल आकडा भरू नये, त्याने रिकामी पिकअप खड्ड्यांवर उड्या मारते आणि नक्षी मधोमध झिजते. चिखलात किंवा दगडांत २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवायला हरकत नाही, पण डांबरावर परतण्याआधी भरून घेण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच असू द्यावा. पाच टायर एकसारखे असतील तर दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनीसह त्यांच्या जागा बदलाव्यात.