वाचकांचे प्रश्न: ॲडव्हेंचर गाडी घेताना आधी बघा, ती पडते कशी

प्रश्न: ॲडव्हेंचर बाईक घ्यायचं नक्की केलंय पण दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एकीला मोठा टीएफटी (रंगीत स्क्रीनचा) डिस्प्ले, चार रायडिंग मोड, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं) सगळं आहे आणि तरी ती बरीच स्वस्त. दुसरीला यातलं जवळपास काहीच नाही, साधा मीटर आणि एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय), पण ज्याला विचारावं तो म्हणतो गाडी भक्कम आहे. भक्कम म्हणजे नेमकं बघायचं काय? आणि त्यासाठी एवढे जास्त पैसे का द्यायचे?

उत्तर: भक्कम हा शब्द सगळेच वापरतात, फोडून कोणी सांगत नाही, म्हणून तुमचा प्रश्न आवडला. मी माझ्यापुरतं एक माप ठरवलंय. ॲडव्हेंचर गाडी पडणार. आज नाही तर सहा महिन्यांनी, पळताना नाही तर उभ्या उभ्या, पण पडणार, कच्च्या रस्त्यावर न्यायलाच घेतोय ना आपण ती. मग गाडीकडे बघताना मी एवढंच विचारतो की ही डावीकडे आडवी झाली तर जमिनीला पहिलं काय लागेल, काय तुटेल, आणि उचलून तशीच चालवत घरी जाता येईल का.

हे मला माझ्या आधीच्या गाडीने शिकवलं. खडीच्या चढावर यू टर्न मारताना इंजिन बंद पडलं, पाय टेकवायला गेलो तर त्या बाजूला जमीनच खाली, आणि गाडी सावकाश डावीकडे लवंडली. वेग शून्य. हँडगार्ड नुसतं प्लास्टिकचं होतं, ते वाकलं आणि क्लच लिव्हर मुळापासून तुटला. गिअर लिव्हर आत दबून इंजिनच्या कव्हरवर बसला. उचलून बघतो तर कव्हरला केसाएवढी चीर, आणि त्या चिरेतून ऑइलचा एक थेंब फुगायचा, खाली खडीवर पडायचा, की लगेच दुसरा. तिथेच बसून किती वेळ ते बघत होतो. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली आणि कव्हर यायला पाच आठवडे लागले. डिस्प्लेला ओरखडासुद्धा नव्हता, मोड सगळे बदलत होते, फक्त गाडी जागची हलवता येत नव्हती.

म्हणून शोरूममध्ये गेलात की लगेच गाडीवर बसू नका, गाडीशेजारी खाली बसा. हँडगार्डच्या आत धातूची पट्टी आहे का आणि ती दोन्ही टोकांना पक्की आहे का बघा, एकाच टोकाला लटकलेलं प्लास्टिक वारा अडवतं, लिव्हर वाचवत नाही. गिअर लिव्हरचं टोक दुमडतं का? लिव्हर आत वाकला तर कव्हरपर्यंत किती अंतर उरतं, दोन बोटं तरी जातात का? मग इंजिनखालची बॅश प्लेट. प्लास्टिकची आहे, पातळ पत्रा आहे की जाड ॲल्युमिनियम हे तर बघाच, पण ती कुठे बसवलीय ते जास्त महत्त्वाचं. फ्रेमला बसवली असेल तर दगडाचा मार फ्रेम घेते, थेट इंजिनच्या केसला बोल्ट केली असेल तर तोच मार ओतीव ॲल्युमिनियममध्ये जातो आणि ते वाकत नाही, फुटतं. साइड स्टँडचंही तसंच, तो फ्रेमला असलेला बरा. रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागे उघडा असेल आणि त्याला जाळी नसेल तर जाळीचा खर्च गाडीच्या किमतीत धरा. वायरिंगचे कनेक्टर बघा, रबरी सील असलेले आहेत का, आणि हँडल पूर्ण डावी उजवीकडे फिरवून बघा, वायरी कुठे ताणल्या जातात का, फ्रेमला घासतात का. हे बघायला मेकॅनिक लागत नाही, वीस मिनिटं आणि टॉर्च पुरते.

आता पैशाचं. स्वस्त गाडीला क्रॅश गार्ड, बॅश प्लेट, चांगली हँडगार्ड, रेडिएटर गार्ड, मेन स्टँड हे सगळं बाहेरून बसवायचं म्हटलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं होऊन बसतं, आणि दुसऱ्या गाडीला यातलं बरंच काही कंपनीकडूनच येत असतं. शिवाय सर्व्हिस. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) किती किलोमीटरला तपासायचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि त्या अंतरात गाडीगाडीत तिप्पट चौपट फरक असतो. त्या कामाला टाकी, एअरबॉक्स सगळं उघडावं लागतं आणि मजुरी तिथेच चढते. पाच वर्षांचा हिशोब कागदावर मांडा: गाडी, गार्ड, सर्व्हिस, टायर, चेन स्प्रॉकेट, आणि एकदा पडल्यावर बदलायला लागणारे पार्ट. क्लच लिव्हर, गिअर लिव्हर, इंडिकेटर, डावं कव्हर, या चार वस्तूंची किंमत आणि यायला लागणारे दिवस दोन्ही डीलरना विचारा, लेखी मागा. कोण लगेच सांगतो आणि कोण बघून कळवतो म्हणतो, त्यावरूनच निम्मं कळतं.

इंजिन आणखी कुठल्या मॉडेलमध्ये आहे तेही शोधा. यामाहाच्या टेनेरे ७०० मधलं ६८९ सीसीचं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन एमटी-०७ मधून आलेलं आहे, सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ६५० चं इंजिन एसव्ही६५० च्या घराण्यातलं. अशा इंजिनाचे पार्ट जास्त ठिकाणी मिळतात, जास्त मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले असतात आणि त्यांची दुखणी माहितीतली असतात. कावासाकीची केएलआर६५० १९८७ मध्ये आली आणि २०१८ पर्यंत जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरवरच चालली. जुनाट म्हणून तिला नावं ठेवणारे खूप होते, पण एवढी वर्षं मूळ इंजिन तेच राहिलं की पार्ट आणि अनुभव दोन्ही साचत जातात, आणि लांबच्या प्रवासात त्याची किंमत कळते.

फीचर्सच्या विरोधात मी अजिबात नाही. मागचा एबीएस बंद करायची सोय मला हवीच, कारण सैल मातीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. फक्त एक बघून घ्या, किल्ली बंद करून चालू केल्यावर ते सेटिंग राहतं की दर वेळी नव्याने करावं लागतं. क्विकशिफ्टरचे पैसे मात्र मी ॲडव्हेंचर गाडीत देणार नाही, तेच सस्पेन्शनमध्ये घालेन.

आणि महाग म्हणजे भक्कम असं धरून चालू नका. कंपनीचं नाव जुन्या मॉडेलने कमावलेलं असतं आणि तुम्ही घेताय ते नवीन. वर सांगितलेलं सगळं महागड्या गाडीखालीही टॉर्च मारून बघा. तुमच्या दोन गाड्यांत माझा कल साध्या मीटरवालीकडे आहे, पण कव्हर आणि लिव्हरचं उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा बायको तीन बॉक्स लावून फिरणार आहोत. डीलर म्हणतो गाडी आरामात घेईल. एवढं वजन खरंच चालतं का?

उत्तर: "आरामात" हा काही आकडा नाही. मॅन्युअलमध्ये गाडीचं जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन दिलेलं असतं, त्यातून कर्ब वेट वजा केलं की उरतं ते तुमचं. कर्ब म्हणजे पेट्रोल, ऑइल सगळं धरून. काही ठिकाणी ड्राय वेट, म्हणजे हे न धरता केलेलं वजन, छापतात, ते घेऊन हिशोब करू नका, वीस लिटर पेट्रोलच सुमारे पंधरा किलो असतं. आता धरा तुम्ही हेल्मेट जॅकेटसकट ९०, ताई ७०, बॉक्स आणि त्यांच्या रॅक रिकाम्याच १८ ते २०, त्यात सामान २५. झाले दोनशेच्या पुढे. मधल्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची मर्यादा याच्या आसपास किंवा खालीच येते.

तुटतं ते सबफ्रेममध्ये, म्हणजे सीट आणि बॉक्स पेलणाऱ्या फ्रेमच्या मागच्या भागात, आणि कारण साधं आहे. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबतो, प्रत्येक खड्ड्यात तो सबफ्रेमला तरफेसारखा खाली खेचतो, आणि वेल्डिंग जिथे संपतं तिथून चीर सुरू होते. जड सामान बाजूच्या बॉक्सात खाली आणि पुढे घ्या, टॉप बॉक्सात कपडे. घेताना सबफ्रेम बोल्टने जोडलेली आहे का वेल्ड केलेली आहे तेही बघा. बोल्टवाली वाकली तर तेवढीच बदलता येते, वेल्डवाली गेली तर अख्खी फ्रेम. पण स्टीलची वेल्डवाली कुठल्याही वेल्डरकडे जोडून मिळते, हाही मुद्दा खराच आहे, दूरवर जाणारे लोक त्याचसाठी ती पसंत करतात. बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती खाली जातं ते मोजा, एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जास्तीत जास्त जितकं दबतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश ठीक. प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची सेटिंग) पूर्ण घट्ट करूनही त्यापेक्षा जास्त बसत असेल तर जड स्प्रिंग टाका, नाहीतर दुसरी गाडी बघा.

प्रश्न: ४० बीएचपी ताकद ॲडव्हेंचरला कमी नाही का पडत?

उत्तर: १९८० साली बीएमडब्ल्यूने आर८० जी/एस आणली, ७९७ सीसी आणि ५० बीएचपी, आणि हा सगळा वर्ग तिच्यापासून सुरू झाला असं मानतात. पुढच्याच वर्षी ह्युबर ओरिओल या रेसरने खास तयार केलेल्या जी/एसवर पॅरिस-डकार ही वाळवंटातली रॅली जिंकली. एकट्याने फिरणार, ताशी १०० च्या आतबाहेर चालवणार, तर ४० पुरे. दोघं आणि सामान घेऊन हायवेवर ओव्हरटेक करायचं असेल तर कमी पडतील. वजन मात्र कायम सोबत असतं. दोनशे वीस किलोची गाडी चिखलात एकट्याने दोनदा उचलून बघा, तिसऱ्यांदा हात थरथरतात.

प्रश्न: चाकं अलॉय (ओतीव) की स्पोक (तारांची)?

उत्तर: कच्च्यावर स्पोक. मोठ्या मारात अलॉयला तडा जातो, स्पोकची रिम वाकते आणि वाकलेली ठोकून पुढे जाता येतं. अडचण ट्यूबची, पंक्चर काढायला चाक खोलावं लागतं. ट्यूबलेस स्पोक मिळत असतील आणि परवडत असतील तर तेच घ्या. नवीन गाडीचे स्पोक पहिल्या हजार किलोमीटरनंतर तपासून घ्या, पान्याने हलकेच वाजवत जा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो, बाकीच्यांचा खणखणीत.

प्रश्न: गाडीला वर्षही झालं नाही आणि बोल्टना गंज आलाय. फसलो का?

उत्तर: कुठले बोल्ट ते बघा. क्रॅश गार्डच्या बोल्टच्या डोक्यावर तांबूस आला तर मनाला लावून घेऊ नका, स्वस्त प्लेटिंग आहे, बदलून टाका. एक्झॉस्टच्या जोडावर येतोच. पण स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) पिव्हट, सस्पेन्शनची लिंकेज (जोडदांडे), ब्रेक कॅलिपर, तिथे एवढ्यात गंज दिसत असेल तर वॉरंटी आहे तोवर दाखवा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या. स्वतः स्टेनलेसचे बोल्ट टाकणार असाल तर ॲल्युमिनियमच्या भोकात कोरडे घालू नका, दोन धातू आणि पाणी एकत्र आले की ते धरून बसतात, अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. आणि प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस धुऊन निघतं.

प्रश्न: नवीन लहान गाडीच्या पैशात जुनी मोठी मिळतेय, पाच वर्षं वापरलेली, दिसायला चकाचक. घेऊ का?

उत्तर: चकाचकवर जाऊ नका, दिसतं तसं नसतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाला मागे बसवून पुढचं चाक उचला, फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे मागे हलवा. टक्कन लागलं तर स्टीअरिंग हेडमध्ये, म्हणजे हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये, ढिलेपणा आहे. मग हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकाला सावकाश न्या. बरोबर मध्ये, सरळ जागी, हँडल खाचेत बसल्यासारखं अडत असेल तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत.

माझ्या एका गाडीचं हे बेअरिंग आम्ही नवीन असतानाच उघडलं होतं, मेकॅनिकने बोट फिरवून मला दाखवलं, बोटाला ग्रीस लागलं ते नखाएवढं. तो म्हणाला, "भाऊ, हे वर्षभर नसतं टिकलं." मुठीने ग्रीस भरून बंद केलं, ती गाडी पुढे साठ हजार चालली आणि हेड एकदाही बदललं नाही. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाला विचारा की लिंकेज आणि हेडला शेवटचं ग्रीस कधी घातलं. तारीख आणि बिल दाखवणारा माणूस भेटला तर थोडे जास्त द्या त्याला. बॅश प्लेट काढून खालून बघू दे म्हणा, फ्रेमवर आणि केसवर मार दिसतो का ते. पार्ट अजून मिळतात का ते घ्यायच्या आधी विचारा, बंद झालेल्या मॉडेलचे प्लास्टिक पॅनल आणि मीटर पहिले गायब होतात. हँडल मध्ये अडलं तर सौदा मोडायची गरज नाही, बेअरिंग सेट बदलता येतो, पण मालकाचा हात हँडलवर ठेवून त्यालाही ती खाच जाणवू द्या आणि मग किमतीचं बोला.