कीबोर्ड येत नाही. घरच्या स्टुडिओत गिटारवरूनच सिंथेसायझरचे आवाज वाजवता येतील का? त्यासाठी वेगळी गिटार लागेल का?

येतील. आणि घरात साधी इलेक्ट्रिक गिटार, ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि लॅपटॉप असेल, तर वेगळी गिटार आत्ता तरी घेऊ नका. त्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला वाजवताना फक्त सिंथसारखा आवाज हवाय, की वाजवलेले स्वर मिडी म्हणून (आवाज नव्हे, तर कोणता स्वर कधी आणि किती जोरात वाजला ही नोंद) कॉम्प्युटरमध्ये जायला हवेत, म्हणजे नंतर त्यावर बासरी लावा, पॅड (मागे पसरून राहणारा लांब आवाज) लावा, चुकलेला स्वर सरकवा? दुकानदार या दोन्हींना 'गिटार सिंथ' म्हणतो, पण यंत्रं वेगळी आहेत.

पहिल्या प्रकारात स्वर ओळखून तो दुसऱ्या यंत्राला कळवायची भानगडच नसते, तुमच्या गिटारच्या सिग्नललाच वेगळं रूप दिलं जातं. बॉसचं एसवाय-१, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं सिंथ९ किंवा मेल९ ही पेडल्स अशी आहेत. साध्या केबलने जोडायची, कॉर्डसुद्धा चालतात, आणि उशीर जाणवत नाही. बहुतेक घरगुती रेकॉर्डिंगला हे पुरतं असं माझं मत आहे. मागे सहा-आठ मात्रा पसरलेला पॅड हवा असेल तर कोण मिडी करत बसणार? अडचण एकच: रेकॉर्ड झाला तो आवाज झाला, नंतर त्याची बासरी करता येत नाही. म्हणून गिटारचा कोरा सिग्नल दुसऱ्या ट्रॅकवर नेहमी ठेवा.

दुसरा प्रकार मिडीचा. इथे यंत्राला आधी तार कोणत्या स्वरावर कंप पावतेय हे ओळखावं लागतं, आणि त्यासाठी निदान एक पूर्ण कंपन तरी ऐकावं लागतं. सर्वांत जाडी 'ई' तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनालाच 12 मिलिसेकंद गेले, आणि खात्री करायला बऱ्याचदा एकाहून जास्त कंपनं लागतात. बारीक 'ई'ला तेवढंच काम 3 मिलिसेकंदांत होतं. त्यामुळे खालच्या तारांवर वाजवलेला सिंथ बास आळशी वाटतो, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. उपाय साधा आहे: बासची ओळ एक सप्तक वर वाजवा आणि सिंथमध्ये 12 सेमिटोन खाली उतरवा. महागडं यंत्र घेतलं तरी तारेचं कंपन लवकर होणार नाही, ही युक्ती मात्र फुकट आहे.

यात कॉम्प्युटरचा उशीर मिळवायचा. इंटरफेसचा बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून एकदम पुढे पाठवायचे तो आकडा, 512 वर असेल तर 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 नमुने) नुसतं आत येताना साडेअकरा मिलिसेकंद जातात, 128 वर तेच तीनच्या आत येतात. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारं जोडणीचं सॉफ्टवेअर) टाका. गिटार हाय-झेड किंवा 'इन्स्ट' लिहिलेल्या इनपुटलाच जोडा.

हे झालं की जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे सॉफ्टवेअर चाचणीसाठी उतरवून बघा. ते गिटारच्या साध्या पिकअपवरून (तारांचं कंपन टिपणारा भाग) एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर ओळखतं. सोबत सर्ज एक्सटी घ्या, तो सिंथ पूर्ण फुकट आहे. आठवडाभर वाजवल्यावर हा प्रकार आपल्याला मानवतो की नाही ते कळेल.

बहुतेकांना पहिल्या दिवशी मानवत नाही, कारण गिटारमध्ये खपून जाणारा गलथानपणा इथे उघडा पडतो. बोट उचलताना मोकळी तार किंचित वाजली तर गिटारवर ती ऐकूही येत नाही, इथे मात्र खणखणीत पियानोचा स्वर उमटतो. नटजवळ (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांखाली फडक्याची घडी किंवा केसांचा रबर अडकवा, मोकळ्या तारा गप्प बसतात. तारा नव्या ठेवा, फ्रेटवर घरघर असेल तर आधी सेटअप करून घ्या. सिंगल कॉइल पिकअपमध्ये मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुण येते, कॉम्प्युटरच्या स्क्रीनशेजारी बसलात तर जास्तच. हमबकर (ही गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप) असेल तर तो वापरा, आणि घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या. आणखी एक: जो आवाज लावलाय त्याच्यासारखं वाजवा. बासरीवाला कॉर्ड छेडत नाही, तो श्वास घ्यायला थांबतो. स्ट्रिंग्जच्या, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याच्या आवाजावर गिटारचं स्ट्रमिंग वाजवलंत तर आवाजांची कितीही भारी लायब्ररी असो, ते खोटंच वाटणार.

रोज वाजवायला लागलात, तर मग प्रत्येक तारेला स्वतंत्र पिकअप असलेलं काहीतरी घ्या: रोलँडचे जीके पिकअप किंवा फिशमनचा बिनतारी ट्रिपलप्ले. हे तुमच्याच गिटारवर ब्रिजजवळ बसतात, म्हणून वेगळी गिटार लागत नाही. फक्त तारा स्टीलच्या हव्यात. नायलॉनच्या तारा चुंबकीय पिकअपला ऐकूच येत नाहीत, तिथे पिएझोवाली (चुंबकाऐवजी दाबावरून कंपन टिपणारा पिकअप असलेली) गिटार लागते. प्रकार जुनाच आहे. रोलँडने जीआर-५०० हे गिटार सिंथ काढलं 1977 साली, मिडी 1983 साली आलं त्याच्याही आधी. 1980 सालच्या जीआर-३००वर जॅझ गिटारवादक पॅट मेथेनी अजून वाजवतो, आणि त्याचा तो तुतारीसारखा चढणारा आवाज ऐकलात तर लोक अशी जुनी यंत्रं का शोधत फिरतात ते लगेच समजेल.

सहा पिकअपचा खरा फायदा मींडेत आहे. मिडीत पिच बेंड, म्हणजे स्वर वर-खाली ओढण्याचा संदेश, हा अख्ख्या चॅनेलला (स्वर पाठवायच्या एका वाटेला) लागतो, एकेका स्वराला नाही. सगळं एकाच चॅनेलवर असेल तर एक तार ओढली की अख्खी कॉर्ड सरकते. म्हणून मोनो मोड निवडा, म्हणजे सहा तारांना सहा चॅनेल. मग सिंथमध्ये बेंडची रेंज, म्हणजे स्वर जास्तीत जास्त किती ओढला जातो, ते बघा. बऱ्याच सिंथमध्ये ती 2 सेमिटोन असते आणि गिटारच्या बाजूला 12 किंवा 24. दोन्हीकडे आकडा एकच हवा, नाहीतर प्रत्येक मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते आणि आपण उगाच ट्यूनर काढून बसतो. पियानो किंवा ऑर्गन वाजवायचा असेल तर बेंड सरळ बंद करा. रेकॉर्डिंग झालं की क्वांटाइझ करण्याआधी (स्वर तालाच्या घरात आपोआप बसवण्याआधी) अगदी आखूड आणि अगदी हळू वाजलेले स्वर निवडून पुसून टाका. त्यातले बहुतेक तुम्ही वाजवलेलेच नसतात.