कावळा शिवला की नाही, कुणी पाहिलंच नाही

"मॅडम, शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही हो." २०२१च्या एप्रिल-मेमधल्या कोरोनाच्या लाटेनंतर समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरचं माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते ऐकू येतं. मागोमाग ठरलेला प्रश्न: "दहावं-तेरावं धड झालं नाही. त्यांना गती मिळाली असेल का?"

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका काकूंचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. काका गेले तेव्हा काकू स्वतः पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत बंद. मुलगा एकटाच किट घालून मुक्तिधामला गेला. दहावं मोबाइलवर झालं. गुरुजी तिकडून मंत्र सांगताहेत, मुलगा गच्चीवर पिंड मांडून बसलाय, आणि मध्येच नेटवर्क गेलं.

माझ्याकडे आल्या तोवर त्याला तीन वर्षं उलटली होती. रडणं नाही. रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर पोळी ठेवायची आणि तासभर उभं राहायचं.

भाच्याने त्यांना 'दुःखाच्या पाच पायऱ्या' (नकारापासून स्वीकारापर्यंत) वाचून दाखवल्या होत्या, वर "मामी, तू पहिल्याच पायरीवर अडकलीस" हेही. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ साली मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. मी कुणाला पायऱ्या चढायला लावत नाही.

पाचव्या भेटीत विचारलं, "काकू, कावळा शिवला नाही की आपल्यात काय करतात?"

"कुणीतरी पुढं होऊन सांगतं, तुमचं राहिलेलं आम्ही करू, काळजी करू नका."

"त्या दिवशी गच्चीवर तुम्ही असता, तर काय सांगितलं असतंत?"

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं, की पोरावर राग धरणार नाही."

घरात पहिला ताप मुलाला आला होता. काकू त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या. मात्र तीन वर्षं त्याचं ताट वाढून, झाकून ठेवत; समोर बसून वाढलं नव्हतं. हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या.

बावीस वर्षांच्या कामात हा प्रश्न मला कुठल्या कोर्सने दिला नाही. आपल्या दहाव्याने दिला. गेलेल्याशी नातं तोडायचं नसतं, त्याच्याशी राहिलेलं बोलणं पुरं करायचं असतं, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

"आजार मीच आणला" किंवा "त्यानेच आणला" म्हणणाऱ्यांसाठी: कोरोना लक्षणं दिसायच्या आधीही पसरतो, काहींना लक्षणं येतच नाहीत. पहिला ताप ज्याला, त्यानेच आजार आणला असं ठरत नाही. पण हे रडून झाल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर नुसता वाद होतो. विधी राहिला असेल तर गुरुजींना विचारा, तिथीला किंवा सर्वपित्रीला श्राद्ध करता येतं. मात्र राहिलेलं वाक्य त्याआधी घरातल्यांसमोर मोठ्यानं म्हणा. सहा महिन्यांनंतरही खाणंपिणं, काम, झोप रुळावर येत नसेल, तर ते मन कमकुवत असल्याचं लक्षण नाही. त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पुढच्या भेटीत काकू म्हणाल्या, "काल त्याला गरम वाढलं. कठड्यावर ठेवायला पोळी उरलीच नाही."